लेखणी बदलण्याचा ठराव

इतिहासाच्या पुस्तकांत ठरावांना जागा मिळते ती युद्ध, तह, कर आणि सीमा यांच्या संदर्भात. कचेरीत कोणत्या साधनाने लिहावे, याविषयीचे ठराव बहुधा दप्तराच्या तळाशी पडून राहतात. वस्तुतः राज्य चालते ते लेखनावर, आणि लेखनाचे साधन बदलले की त्या लेखनाशी असलेले पुढच्या पिढ्यांचे नातेही बदलते. मराठीच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगावयास नको. मोडी मागे पडून बालबोध सर्वत्र रूढ झाली तेव्हा छपाईची सोय झाली, शाळकरी मुलांचे एका लिपीचे ओझे कमी झाले. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेल्या मराठी माणसाला आपल्याच पणजोबांचे खरेदीखत वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागू लागला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आजही जागच्या जागी आहेत. विरळ झाले आहेत ते वाचणारे. तो निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. त्याची किंमत निर्णय घेणाऱ्यांना नव्हे, तर नंतरच्या पिढ्यांना मोजावी लागली, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

संगणकाच्या काळात असे ठराव पुष्कळ झाले. पत्रलेखन, हिशेबतक्ते, सादरीकरण इत्यादी कामांच्या आज्ञावल्यांचा जो संच सरसकट 'ऑफिस' या नावाने ओळखला जातो, तो बदलावा की नाही, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत नगरपालिकांपासून विद्यापीठांपर्यंत अनेकांपुढे आला. बहुतेकांनी तो खरेदी विभागाकडे सोपवला. काहींनी मात्र तो राजकीय आणि सांस्कृतिक प्रश्न म्हणून चर्चेला घेतला. अशा दोन प्रकरणांचा वृत्तान्त येथे मांडून, त्यांच्या उजेडात मराठीच्या स्थितीकडे पाहण्याचा आमचा विचार आहे.

१

आधी पर्याय कसा निर्माण झाला ते पाहू. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग या गावी मार्को ब्यॉरीस या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ मध्ये 'स्टार डिव्हिजन' नावाची कंपनी काढली. तिच्या 'स्टाररायटर' या लेखन-आज्ञावलीतून पुढे 'स्टारऑफिस' हा संच तयार झाला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली. आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणेच सनला स्वस्त पडले, असे त्या काळी बोलले जाई. ऑक्टोबर २००० मध्ये सनने या संचाची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली आणि मे २००२ मध्ये 'ओपनऑफिस'ची पहिली आवृत्ती आली. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्यानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बरेच स्वयंसेवी आज्ञावलीकार बाहेर पडले आणि त्यांनी 'लिब्रेऑफिस' सुरू केले. एका कंपनीचे दैव फिरल्यावरही संच जगला, कारण त्याची संहिता कुणा एकाच्या कुलपात नव्हती. ग्रंथव्यवहाराच्या परिभाषेत सांगायचे तर प्रकाशक बुडाला, पण हस्तलिखित सार्वजनिक मालकीचे असल्याने पुढची आवृत्ती निघू शकली.

२

म्यूनिक हे बव्हेरियाचे राजधानीचे शहर. २००३ च्या सुमारास तेथील महापालिकेकडे सुमारे १४,००० संगणक होते. त्यांवरची विंडोज एनटी ही प्रणाली जुनी झाली होती आणि निर्मात्या कंपनीचा तिला मिळणारा आधार संपत आला होता. म्हणजे बदल अटळ होता. प्रश्न होता तो कोणत्या दिशेने जायचे हा. महापालिकेने एका सल्लागार संस्थेकडून तौलनिक अहवाल मागवला. या अहवालाबाबत एक गोष्ट सहसा विसरली जाते. केवळ खर्चाच्या हिशेबात मायक्रोसॉफ्टचाच पर्याय स्वस्त ठरला होता. मुक्तस्रोत पर्यायाला अधिक गुण मिळाले ते धोरणात्मक निकषांवर: एकाच विक्रेत्यावरील अवलंबित्व, भविष्यातील स्वातंत्र्य, इत्यादी. त्यामुळे म्यूनिकने पैसे वाचवण्यासाठी लेखणी बदलली, ही रूढ कथा अपुरी आहे.

मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधील आपली सुट्टी मध्येच थांबवून महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटावयास आले. किंमत कमी करण्याची तयारी दाखवली गेली. तरीही २८ मे २००३ रोजी नगरसभेने मुक्तस्रोताच्या बाजूने कौल दिला आणि जून २००४ मध्ये त्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. प्रकल्पाला 'लिमक्स' हे नाव मिळाले. त्याच वर्षी युरोपातील आज्ञावली-पेटंटांच्या वादामुळे काही काळ काम थबकले, आणि प्रत्यक्ष संगणक बदलू लागले ते २००६ मध्ये.

या विलंबाचे कारण आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते. शहरातल्या निरनिराळ्या खात्यांचे सुमारे वीस स्वतंत्र संगणक विभाग होते. प्रत्येकाची आपली पद्धत, आपले पत्रनमुने, आपली स्वयंचलित सूत्रे. परवान्याचा अर्ज, कराची नोटीस, शाळेचे पत्र अशा हजारो साच्यांत नगरीचे व्यवहार ओतलेले होते, आणि ते सारे साचे जुन्या संचाच्या भाषेत लिहिलेले होते. कोणता साचा कोणी केला, तो अजून लागतो की नाही, याची एकत्रित नोंद नव्हती. संच बदलायचा म्हणताच ही अडगळ प्रथमच उजेडात आली. तेव्हा पालिकेच्या लोकांनी 'वोलमक्स' नावाचे साधन तयार केले. खात्याचा शीर्षपट, पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता, ठरीव मजकूर हे सारे पत्रात आपोआप भरणारे हे साधन २००८ मध्ये त्यांनी इतरांसाठीही खुले केले. एका नगरपालिकेने आपल्या पत्रांचे व्याकरण स्वतः लिहून काढले, असे त्याचे वर्णन करता येईल.

२०१३ च्या अखेरीस सुमारे १५,००० संगणक नव्या प्रणालीवर आले होते आणि ओपनऑफिसची जागा लिब्रेऑफिसने घेतली होती. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा पालिकेचा हिशेब होता. मायक्रोसॉफ्टने करवून घेतलेल्या एका अभ्यासाने तो अमान्य केला. अशा वादात दोन्ही बाजूंचे आकडे कोणत्या गोष्टी मोजतात आणि कोणत्या वगळतात, हे पाहणे अगत्याचे असते. कर्मचाऱ्याला नवी सवय लागेपर्यंत वाया गेलेले तास एक बाजू मोजते. पुढील वीस वर्षे दर नव्या आवृत्तीला द्यावे लागणारे पैसे दुसरी.

२०१४ मध्ये महापौर बदलले. नवे महापौर डीटर रायटर हे ऊडे यांच्याच पक्षाचे, पण लिमक्सविषयी त्यांना ममत्व नव्हते. टपाल आणि दिनदर्शिका यांची एकत्र सोय नाही, बाहेरून आलेली कागदपत्रे उघडली की मांडणी विस्कटते, अशा तक्रारी पुढे आल्या. २०१६ मध्ये आलेल्या आणखी एका सल्लागारी अहवालाने अडचणींचे मूळ प्रणालीपेक्षा पालिकेच्या विस्कळीत संगणक-व्यवस्थेत अधिक आहे, असे सुचवले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय म्यूनिक शहराच्या हद्दीत आले. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे अनेकांनी सुचवले आणि संबंधितांनी ते नाकारले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कालक्रम नोंदवून थांबावे हे उत्तम. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याची योजना आखण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरात जवळपास पाच कोटी युरोंच्या खर्चाला संमती मिळाली. लिब्रेऑफिसऐवजी मायक्रोसॉफ्टचा ऑफिस संच आणावा की नाही, याचा निर्णय मात्र तेव्हा पुढे ढकलला गेला. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने आपल्या करारनाम्यात पुन्हा मुक्तस्रोताला शक्य तेथे प्राधान्य देण्याचे वचन दिले.

या कथेचे दोन साचेबंद अर्थ लावले जातात: एक, मुक्तस्रोत कचेरीत टिकत नाही; दुसरा, बलाढ्य कंपनीने शहर जिंकून घेतले. आम्हांस दोन्ही सोयीस्कर वाटतात. अनेक वर्षे एका मोठ्या शहराचा कारभार त्या साधनांनी चालला, हे पहिल्या अर्थात बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींत तथ्य होते, हे दुसऱ्यात बसत नाही. २००३ चा ठराव स्वातंत्र्याच्या तत्त्वावर झाला. २०१७ चा ठराव रोजच्या त्रासावर झाला. तत्त्वाने घेतलेला निर्णय टिकवायचा तर रोजच्या त्रासाकडे तेवढ्याच निष्ठेने पाहावे लागते, आणि ते काम नगरसभेत भाषण करण्यापेक्षा अवघड असते.

३

दुसरे प्रकरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे. तेथे प्रश्न अधिक नेमका मांडला गेला. संच कोणताही वापरा, पण शासकीय दस्तऐवज ज्या रूपात साठवले जातात त्या रूपाची रचना सर्वांना खुली असली पाहिजे, असे राज्याचे वित्त व प्रशासन सचिव एरिक क्रिस आणि मुख्य माहिती अधिकारी पीटर क्विन यांचे म्हणणे होते. आज लिहिलेला कायदा पन्नास वर्षांनी उघडण्यासाठी एखादी विशिष्ट कंपनी तोवर जिवंत असण्याची आणि मेहेरबान असण्याची गरज पडू नये, हा त्यामागचा विचार. सप्टेंबर २००५ मध्ये राज्याने जाहीर केले की १ जानेवारी २००७ पासून कार्यालयीन दस्तऐवज 'ओपनडॉक्युमेंट' या खुल्या स्वरूपात ठेवावेत. त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या संचात हे स्वरूप उपलब्ध नव्हते.

यानंतरचा वाद दोन दिशांनी आला. एक दिशा अपेक्षित होती: कंपनीचा आणि तिच्या समर्थकांचा विरोध. नोव्हेंबर २००५ मध्ये क्विन यांच्या परगावच्या प्रवासांविषयी वृत्तपत्रात शंका छापून आल्या. चौकशीत ते निर्दोष ठरले, पण वर्षअखेरीस त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. दुसरी दिशा नैतिकदृष्ट्या अधिक जड होती. दृष्टिहीन कर्मचारी संगणकावर काम करतात ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांच्या आधारे, आणि ती साधने तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या संचाशी जुळवलेली होती. खुल्या स्वरूपाच्या आग्रहापायी आजच्या वाचकाचे दार बंद होत असेल तर उद्याच्या वाचकासाठी उघडलेल्या दाराचे मोल काय, असा अपंग हक्क कार्यकर्त्यांचा सवाल होता. त्याला कोणाकडेही तयार उत्तर नव्हते. अभिलेखागाराचा वाचक आणि समोर बसलेला वाचक यांच्यातले हे द्वंद्व साहित्याच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. चिकित्सक आवृत्ती आणि विद्यार्थी आवृत्ती यांच्या वादात ते आपण नेहमी पाहतो.

ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टच्या नव्या स्वरूपालाही मान्यता दिली. वरकरणी ही माघार होती. पण दरम्यान पुष्कळ काही घडले होते. ओपनडॉक्युमेंटला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला होता. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ मध्येच आपल्या स्वरूपाची रचना मानक म्हणून सादर करण्याचे जाहीर केले होते, आणि सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा तो तपशील पुढे आंतरराष्ट्रीय मतदानाला आला. २००७ च्या पहिल्या फेरीत तो अडला, २००८ मध्ये मंजूर झाला. भारताने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संचात ओपनडॉक्युमेंट उघडण्याची व जतन करण्याची सोय आली. ज्या ठरावामुळे क्विन यांनी पद सोडले, तो ठराव जसाच्या तसा अमलात आला नाही. पण दस्तऐवजाची रचना खुली असावी ही अपेक्षा जगभर सामान्य झाली.

४

आता मराठीकडे. १९९० च्या दशकात आपल्याकडे कचेऱ्या, छापखाने, नियतकालिके यांत संगणक आला तो फॉन्टांच्या पाठीवर बसून. संगणकाला तेव्हा रोमी अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. प्रत्येक कंपनीने त्या क्रमांकांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले. 'ग' या अक्षराचा अर्धा भाग एका क्रमांकावर, त्याचा काना दुसऱ्यावर. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. संगणकात साठत होती ती मराठी भाषा नव्हे. मराठी दिसावी अशा खुणांची रांग. त्या कंपनीचा फॉन्ट असेल तर मजकूर दिसे. नसेल तर पडद्यावर रोमी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा गोंधळ उमटे. अकारविल्हे लावणे, शोध घेणे, शब्दसूची काढणे यांपैकी काहीच धड जमत नसे.

वास्तविक तोडगा देशात तयार होता. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये संमत झाले. पुण्याच्या सी-डॅकचे त्यात मोठे काम होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये 'कि' म्हणजे आधी 'क', मग वेलांटी: उच्चाराचा क्रम साठवायचा, दिसण्याची जबाबदारी फॉन्टवर सोपवायची. विंडोज २००० पासून ही सोय मंगल या फॉन्टासह सर्वसामान्य वापरकर्त्याला मिळाली. २००५ पासूनच्या काही वर्षांत भारत सरकारने भाषावार तबकड्या वाटल्या. त्यांत फॉन्टांबरोबर भारतीय भाषांतील ओपनऑफिसही होते.

असे असूनही बदल रेंगाळला, आणि त्याची कारणे म्यूनिकच्या कारणांशी विलक्षण जुळतात. टंकलेखकांची बोटे जुन्या कळफलकाला सरावलेली होती. पत्रनमुने जुन्या फॉन्टांत होते. शिवाय छापखान्यात पानांची मांडणी 'पेजमेकर'मध्ये होत असे आणि त्याला युनिकोड देवनागरी उमगत नसे. त्यामुळे लेखकाने नव्या पद्धतीने लिहून दिले तरी ते जुन्या फॉन्टात उलटवून घ्यावे लागे. या उलटापालटीत जोडाक्षरे निसटत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसे, आणि 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतल्या अर्ध्या 'र'चे काय होईल याचा नेम नसे. मुद्रितशोधकाचे काम कमी होण्याऐवजी वाढले. नवी लेखणी नाकारणारा माणूस दर वेळी आळशी किंवा मागासच असतो असे नाही. साखळीतल्या पुढच्या कडीला ती चालत नाही, हे त्याला ठाऊक असते.

युनिकोडनेही सारे प्रश्न एकदम सुटले नाहीत. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये. त्याआधीचे लेखक 'अ' लिहून त्यावर चंद्र देत. परिणामी एकच शब्द दोन प्रकारे साठवला गेला आहे, आणि डोळ्यांना तो एकच दिसत असला तरी शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. उद्या कोणी विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या संधिकालातील मराठीचा शब्दकोश संगणकाच्या साहाय्याने करू म्हणेल तर त्याला या द्विरूपतेची पाठचिकित्सा करावी लागेल. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला येथे नवे क्षेत्र खुले झाले आहे.

अधिक गंभीर बाब प्रबंधांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांन्वये प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती जमा करणे आवश्यक केले, आणि 'शोधगंगा'च्या रूपाने त्या वाचकांस उपलब्ध झाल्या. जुन्या फॉन्टात टंकलिखित केलेला मराठी प्रबंध पीडीएफ रूपात सुबक दिसतो, कारण फॉन्ट त्यातच गुंडाळलेला असतो. त्यातले एक वाक्य उचलून दुसरीकडे ठेवा, आणि हाती रोमी कचरा येतो. त्यात एखाद्या कवीचे नाव शोधा, सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचनयंत्र तो प्रबंध वाचू शकत नाही. म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या दोन वाचकांचे हित परस्परविरोधी वाटत होते, त्या दोघांनाही आपल्या जुन्या फॉन्टांनी एकदमच वगळले आहे. हे मोडीचेच दुसरे प्रकरण म्हणावे, तर मोडी निदान शिकता येते. ज्या फॉन्टाची कंपनी आणि तक्ता दोन्ही हरवले, त्याचे पुनर्वाचन त्याहून अवघड आहे.

५

तर मग संच बदलावा की नाही? सरसकट उत्तर देण्याचा मोह आम्ही टाळतो. एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे ठरवले. म्हणजे म्यूनिकच्या अनुभवानंतरही हा वाद मिटलेला नाही. दरम्यान दस्तऐवज कर्मचाऱ्याच्या संगणकावरून उठून दूरच्या कंपनीच्या साठवणगृहात जाऊ लागले आहेत, आणि अवलंबित्वाचा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे.

इतिहासातून निघणारा एक विवेक मात्र सांगता येईल. कोणत्या साधनाने लिहायचे आणि लिहिलेले कोणत्या रूपात ठेवायचे, हे दोन निर्णय वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की पहिल्यावरच सारी भांडणे होतात आणि दुसरा न घेताच राहून जातो. एखाद्या मराठी विभागाला, ग्रंथालयाला किंवा नियतकालिकाला उद्या संच बदलणे परवडणार नाही. कदाचित गरजही नसेल. परंतु यापुढचा प्रत्येक मजकूर युनिकोडमध्येच स्वीकारायचा, त्याची एक प्रत खुल्या स्वरूपात ठेवायची, आणि जुन्या फॉन्टांतले जे काही कपाटांत व तबकड्यांवर पडले आहे ते, फॉन्ट आणि ते ओळखणारी माणसे हाताशी आहेत तोवर उलटवून घ्यायचे, एवढा ठराव आजच्या आज करता येतो. त्याला परवाना लागत नाही. लागतो तो मुद्रितशोधकाचा धीर, कारण उलटवलेले प्रत्येक पान पुन्हा वाचावेच लागते.

असे पुनर्वाचन हे मराठी विभागांतल्या विद्यार्थ्यांचे रीतसर काम का असू नये? संहिता तपासणे, पाठ निश्चित करणे, अपपाठ वगळणे हे आपण त्यांना शिकवतोच. १९९० नंतरच्या पंधरावीस वर्षांतील लघुनियतकालिकांच्या, प्रबंधांच्या आणि संस्थांच्या इतिवृत्तांच्या संहिता आज त्याच संस्काराची वाट पाहत आहेत. तेवढे झाले, तर त्यानंतर कचेरीतला संच कोणता असावा याचा निर्णय खरेदी विभागाने खुशाल घ्यावा.